नोंदवण्यासारखं कोणी नाही

१

सोमवारी, तीन मार्च एकोणीसशे शहाऐंशी रोजी, कापरेनीच्या कापडगिरणीतल्या दवाखान्यातून नऊ गर्भ चोरीला गेले. कपाट लोखंडी होतं, दाराला कुलूप होतं, खिडकीला गज होते.

गर्भ अर्थात कागदावरचे. पण आमच्या रोमानियात तेव्हा कागदावरचा गर्भच खरा मानत, पोटातला फक्त त्याचा पुरावा. दर महिन्याच्या पाच तारखेला पंचेचाळिशीच्या आतल्या सगळ्या कामगार बायका दवाखान्यात रांग लावत. जिला दिवस गेलेले आढळत, तिचं नाव रजिस्टरमध्ये चढे. पुढच्या महिन्यात पोट आणि नाव ताडून बघत. नाव आहे आणि पोट नाही असं निघालं, की मला बोलावणं येई.

मी ताल्पाश, सरकारी तपासनीस. चोऱ्यामाऱ्या माझ्याकडे क्वचितच येत, कारण चोरण्यासारखं गावात फारसं उरलं नव्हतं. माझं खरं काम इस्पितळात. चोरून गर्भपात केलेली बाई रक्तस्राव होऊन आली, की ‘कुणी केलं’ हे सांगेपर्यंत डॉक्टरने तिला हात लावायचा नाही, असा नियम होता. मी खाटेशी कागद घेऊन उभा राहायचो. बहुतेक जणी नाव सांगत नसत. काही जणी त्यानंतर कधीच काही सांगत नसत.

तर रजिस्टर गेलं, आणि ताडायला नावंच नाहीत म्हणून पाच तारखेची तपासणीही रद्द झाली. पहारेकरी पामफिलने पावणेपाचला फेरी मारली, तेव्हा दवाखाना बंद आणि खिडकीत दिवा नाही. सातला बघतो तर कुलूप तसंच, पण आत लख्ख उजेड. त्याने डॉक्टरला आणलं. कपाट उघडं, फळी रिकामी. किल्ल्या तीन जणांकडे होत्या: डॉक्टर, सुईण वेता चोबोतारू आणि जिल्हा महिला समितीच्या अध्यक्षा कॉम्रेड स्मारांदा कोझ्मा. आठ वाजता वेताला अटक झाली. तिघांतून एकाला पकडायचं तर कुणाला, हे ठरवणं आमच्या खात्याला कधीच जड गेलं नाही.

“शुक्रवारी बाराला तिची फाईल कोर्टात जाईल,” माझे साहेब म्हणाले. “शनिवारी महिला दिन आहे. तोवर हे गलिच्छ प्रकरण मला टेबलावर दिसता कामा नये.”

“आणि तिने केलं नसेल तर?”

“तर तिला दहाच्या ऐवजी आठ वर्षं,” साहेब म्हणाले.

२

वेतामावशीने निम्म्या कापरेनीला जगात आणलं होतं, माझ्या मुलीसकट. कोठडीत ती बाकावर ओव्हरकोट घालून बसली होती, बसची वाट बघावी तशी.

“मावशी, सोमवारी सहा वाजता तुम्ही गिरणीच्या फाटकात दिसलात.”

“पावाच्या रांगेत होते. रांग वाढत वाढत फाटकात आली. मी नाही आले, रांग आली.”

“किल्ली?”

“माझ्या गळ्यात. अठ्ठावीस वर्षं. तुमच्या माणसांनी काढून घेतली, तेव्हा मान हलकी वाटली.”

“रजिस्टर कुणी घेतलं, माहीत आहे?”

तिने माझ्या बुटांकडे बघितलं. बूट ओले होते.

“पाय कोरडे ठेवा, साहेब. तुमची छाती लहानपणापासून कच्ची.”

“मावशी, दहा वर्षं म्हणतायत. तुमचं वय अठ्ठावन्न.”

“मला बेरीज येते.”

“मग मला मदत करा. मी रजिस्टर शोधतोय.”

“शोधू नका,” ती म्हणाली.

“का?”

“सापडेल.”

कोठडीबाहेर येईपर्यंत मला ते उमगलं. फेब्रुवारीत नऊ जणींची नावं चढली होती. त्या नऊजणी आता मोकळ्या झाल्या असणार, आणि कुणामुळे ते मी विचारणार नव्हतो. रजिस्टर मिळालं तर नऊजणी आत. नाही मिळालं तर एकटी वेता आत. आणि मिळालं तरी नऊंसोबत वेताही आतच, कारण नऊंपैकी एखादी तरी बोललीच असती. अशा तपासात हुशारी दाखवणारा माणूस पहिल्या नंबरचा गाढव.

३

डॉक्टर साबिन हुर्मुझने मला कॉफी दिली. हरभरे भाजून केलेली, म्हणजे घोड्याला आवडेल अशी.

“मी वर फक्त आकडा पाठवतो,” तो म्हणाला. “फेब्रुवारीचा आकडा नऊ. नावं रजिस्टरमध्येच राहतात.”

“एकही नाव आठवत नाही?”

“महिन्याला चौदाशे बायका तपासतो मी, ताल्पाश. तोंडाकडे बघायला वेळ कुठे असतो?”

हे तो कुरकुरीच्या सुरात म्हणाला, लाजेच्या नव्हे. मी कप खाली ठेवला.

“त्या नऊजणी अजून गरोदर आहेत?”

तो चमचा ढवळू लागला. कपात साखर नव्हती. “ते वेताला विचारा. बायका तिच्याशी बोलतात.”

“तुमच्याशी नाही बोलल्या?”

“एक रविवारी बोलली. माझी मोलकरीण, तिची बहीण गिरणीत आहे. नऊतली एकही उरलेली नाही म्हणाली. मी लगेच वर कळवलं. लपवालपवी मला जमत नाही.”

“वर म्हणजे कुणाला?”

“कॉम्रेड बाईंना. आणखी कुणाला कळवणार?”

कॉम्रेड स्मारांदा कोझ्मा ही आमच्या जिल्ह्याची शोभा. याच गिरणीत सतराव्या वर्षी मागावर उभी राहिलेली पोर, आता राजधानीत भाषणं करायची. पाळणाघर तिने आणलं. रात्रपाळीच्या बायकांना दूध तिने मिळवून दिलं, खरं दूध, सायीसकट. मासिक तपासणीही तिनेच आणली, आणि तीन जिल्ह्यांनी तिचा कित्ता गिरवला. “पाच लेकरं ही प्रत्येक आईची देशाला भेट” हे तिचं वाक्य गिरणीच्या भिंतीवर लाल रंगात होतं. तिला स्वतःला एकच मुलगा. देशाला उरलेल्या चार भेटी ती भाषणांतून देत असे.

फाटकावर पामफिल शेगडीत हात शेकत होता. “सोमवारी पाच ते सातमध्ये कोण आलं-गेलं?”

“कोणी नाही, साहेब.”

“अगदी कोणी नाही?”

“नोंदवण्यासारखं कोणी नाही,” पामफिल म्हणाला आणि वही माझ्यापुढे सरकवली. पान कोरं होतं. मला ते उत्तर जरा लांबलेलं वाटलं. कोणी नाही म्हणायला दोन शब्द पुरतात.

४

बुधवारी साडेसहाला घरी आलो. आमच्या मजल्यावर काळोख. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि हात आपोआप डावीकडच्या फळीवर गेला, काडेपेटीकडे. मेणबत्ती लावली. बायको स्वयंपाकघरात डुकराचे खूर शिजवत होती. आमच्याकडे डुकराचे खूर तेवढे मिळत, बाकीचं डुक्कर निर्यात होई.

“काय झालं?” ती म्हणाली. “असे काय उभे राहिलात?”

“मी दिव्याचं बटण दाबलं नाही.”

“पाच ते सातमध्ये कोण दाबतं? वेड लागलंय का?”

तीन हिवाळे झाले, रोज पाच ते सात भारनियमन. कापरेनीतलं शेंबडं पोरही त्या वेळात बटणाकडे बघत नाही. बघितलंच तर बटण बंद आहे ना हे बघतं. सातला वीज येते ती उसळून येते, आणि दिवा चालू राहिला असेल तर तो बऱ्याचदा फुटतो. नवा मिळायला दोन महिने. ही गोष्ट आम्हाला आईच्या दुधातून मिळते, दूध मिळालं तर.

मग दवाखान्यातला दिवा सातला लागला कसा?

पावणेपाचला वीज होती आणि खिडकी अंधारी होती, म्हणजे बटण बंद होतं. म्हणजे पाच ते सातमध्ये कुणीतरी आत शिरलं, बटण दाबलं, उजेड पडला नाही. त्याला वाटलं, दिवा गेला असेल. चाचपडत कपाट उघडलं, रजिस्टर घेतलं, निघून गेलं. बटण तसंच राहिलं, आणि सातला दिव्याने चुगली केली.

डॉक्टर गिरणीच्या चाळीत राहतो. वेता त्याच चाळीत, पामफिल तळघरात. तिघांच्याही घरी रोज पाचला काळोख. ती चूक त्यांच्या हातून व्हायचीच नाही, जसं लंगडा माणूस विसरून पळत नाही. गावात ती चूक करू शकणारे हात एकाच रस्त्यावर होते. पक्षाच्या कचेरीमागे चौदा घरांचा रस्ता, जिथे वीज जात नाही. तिसरी किल्ली त्याच रस्त्यावर टांगलेली असे.

आता पामफिलची ओळही नीट वाचता आली. सकाळी त्याला विचारलं, “कॉम्रेड बाई येतात तेव्हा वहीत लिहितोस का?”

“त्यांची नोंद करायची नाही असा हुकूम आहे, साहेब.”

“मग सोमवारी त्या आल्या होत्या?”

“नोंद नाही,” तो म्हणाला. “म्हणजे कशा येतील?”

५

गुरुवारी सहा वाजता मी त्या रस्त्यावर होतो. रस्त्यावरचे दिवे लागले होते. मला ओशाळल्यासारखं झालं, कुणाच्या तरी न्हाणीघरात शिरावं तसं.

कॉम्रेड स्मारांदाने स्वतः दार उघडलं. त्रेपन्न वर्षांची, रुंद हाडाची, हाताने विणलेला साधा स्वेटर. दिवाणखान्यात सात दिव्यांचं झुंबर, आणि कॉफी अशी की वास घेऊनच माणूस वितळावा.

“बसा, ताल्पाश. वेताचं काय झालं?”

“उद्या बाराला फाईल जाते. कॉम्रेड बाई, तुमच्याकडे दिवे किती वाजता जातात?”

“दिवे? दिवे कुठे जातात?” ती म्हणाली.

आणि थांबली. हुशार बाई होती. झुंबराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बटणाची गोष्ट सांगितली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. “लिहा की. सोमवारी पाच ते सात कापरेनीत वीज नव्हती, असं लिहा. खाली सही करा, शिक्का मारा.”

आमच्या देशात वीज जात नव्हती. वर्तमानपत्रात नाही, सरकारी कागदात नाही, कोर्टात तर नाहीच. जी वीज गेलीच नाही, ती सातला परत आली हे मी कुठल्या न्यायाधीशाला सांगणार होतो?

“रजिस्टर कुठे आहे?”

तिने फरशा जडवलेल्या शेगडीकडे, तिच्यातल्या राखेकडे हनुवटी वळवली. “नऊ बायका वाचवल्या मी. तुम्ही किती वाचवल्यात, ताल्पाश?”

“बायका नाही वाचवल्यात. आकडा वाचवलात. पाच तारखेला नऊचं शून्य झालं असतं, तर पहिल्या क्रमांकाचं पदक शेजारच्या जिल्ह्याला गेलं असतं.”

“दोन्ही एकाच खेपेत होत असेल तर बिघडलं कुठे?” तिने मला आणखी कॉफी ओतली. “तुम्हा शिकलेल्यांना हेतू धुतलेला लागतो. मी माग चालवलाय. उभा धागा एक, आडवा धागा दुसरा, तेव्हा कापड होतं.”

“आणि वेतामावशी?”

“वेता बोलणार नाही.”

“ते मलाही दिसतं. म्हणूनच तिला दहा वर्षं होतायत. पण तुम्हाला इतकी खात्री कशी?”

तिने आपला कप बशीत नीट ठेवला.

“तिने कधीच कुणाचं नाव घेतलं नाही,” ती म्हणाली. “माझंही नाही घेतलं. दोनदा.”

मला त्या कॉफीची शिसारी आली. तरी ती प्यायलो. टाकून देण्याइतका मोठा मी नव्हतो.

मग माझ्याकडे होतं तेवढं एकच पान टाकलं. “मी वीज लिहीत नाही. मी फक्त अर्ज करतो की रजिस्टर नाही, तर गिरणीतल्या चौदाशे बायकांची सोमवारी नव्याने तपासणी करावी. नावं नाहीत, म्हणून कुणावर खटला होणार नाही. पण आकडा बाहेर येईल.”

पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. नऊ बायकांसाठी नाही, वेतासाठी नाही, आकड्यासाठी.

“दुसरा रस्ता आहे,” ती लगेच म्हणाली. “रजिस्टर तपासायला मीच नेलं होतं, असा कागद देते. चोरी झालीच नाही. रजिस्टर नवं करू, नऊ दुसरी नावं घालू. आकडा शाबूत, वेता मोकळी.”

“दुसरी नावं कुणाची? जिचं घालाल तिला पुढल्या महिन्यात पोट दाखवावं लागेल.”

“ज्यांना दाखवावं लागणार नाही अशांची.” तिने हात झटकला. “नावं काय, कोणीही देईल. प्रत्येक ओळीपुढे सुईणीची सही लागते, ती मात्र वेताचीच हवी. करेल ती?”

६

शुक्रवारी दहा वाजता कोठडीत आम्ही तिघं. कॉम्रेड स्मारांदाने नवं रजिस्टर गुडघ्यावर उघडलं. वेताने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे नऊ नावं हवीत,” वेता म्हणाली.

“तपासणीला न येणाऱ्या बायकांची.”

“आहेत माझ्याकडे. घ्या लिहून.”

ती कुठेही न बघता सांगू लागली. आडनाव, नाव, खातं, माग क्रमांक. पहिली सूत गुंडाळण्यातली होती, दुसरी रंगखात्यातली. तिसरं नाव मी ओळखलं. पारास्किवा ओंचू, खातं चार. मागच्या सप्टेंबरात तिच्या खाटेशी मी कागद घेऊन उभा होतो. पहाटे तिने पाणी मागितलं. मी म्हणालो, आधी नाव सांग. कागद कोराच राहिला.

चौथीच्या खाटेशीही मी होतो. पाचवीच्या वेळी मी रजेवर होतो, माझ्या जागी दुसरा होता.

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. कायद्याने हवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. माझ्या नोकरीतली तेवढीच एक बरी गोष्ट, आणि तीही न केलेली.

“सहावी,” वेता म्हणाली. “फिरुत्सा मोल्दोवान. खातं दोन, माग एकोणीस.”

लेखणी थांबली. एकोणीस नंबरचा माग कधीकाळी स्मारांदाचा होता, हे अख्ख्या गिरणीला ठाऊक होतं. फिरुत्साला कामही तिनेच शिकवलं होतं.

“ती गरोदर आहे?” स्मारांदाने विचारलं.

“होती, कॉम्रेड.”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी त्या वेळी खोलीत नसतो तरी चाललं असतं. बाहेर कुणीतरी बादली आपटली. मला वाटलं, आता स्मारांदा रजिस्टर मिटणार, आणि वेता दहा वर्षांसाठी जाणार.

“मोल्दोवान,” स्मारांदा म्हणाली आणि लिहिलं. “सातवी सांग.”

वेताने उरलेली तिन्ही सांगितली. मग नऊ ओळींपुढे नऊ सह्या केल्या, ठसठशीत, घाई न करता. साडेअकराला ती फाटकातून बाहेर पडली. कोपऱ्यावर रांग दिसली तशी उभी राहिली. कसली रांग ते तिने विचारलंही नाही.

७

शनिवारी गिरणीच्या सभागृहात आठशे बायका, अंगावर ओव्हरकोट, तोंडातून वाफ. पहिल्या रांगेत आम्ही: पक्षाचे चिटणीस, माझे साहेब, डॉक्टर हुर्मुझ, मी. मंचावर टेबल, टेबलावर कार्नेशनची फुलं. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे होणाऱ्या आयांची नावं मंचावरून पुकारायची आणि एकेकीला फूल द्यायचं.

मला खात्री होती की यंदा स्मारांदा हा भाग गाळणार. तिच्याकडे निमित्तं ढीगभर होती.

कॉम्रेड स्मारांदाने पदक छातीवर लावून घेतलं, पाच लेकरांचं वाक्य म्हटलं, मग कागद काढला आणि नावं वाचू लागली.

पहिल्या नावाला मागे कुणीतरी खोकलं. दुसऱ्याला खोकलाही नाही. तिसऱ्या नावाला मी मान वळवली नाही, पण माझ्या पाठीला आठशे बायका जाणवल्या. प्रत्येक नावानंतर ती फूल उचलून थांबे, कोणी पुढे येत नसे, मग फूल परत टेबलावर.

“मागावर असतील,” पक्षाचे चिटणीस माझ्या कानात समाधानाने पुटपुटले. “सणाच्या दिवशीसुद्धा. याला म्हणतात निष्ठा.”

“फिरुत्सा मोल्दोवान,” ती म्हणाली. आवाज कापला का? मी तेव्हा फार लक्ष देऊन ऐकलं, आणि पुढे पुष्कळदा आठवून बघितलं. कापला असता तर मला तिच्याविषयी काहीतरी ठरवता आलं असतं. ती मेलेल्यांना पुकारत होती की आकडा पुरा करत होती, हे तिलाही माहीत नसावं. तिच्यात दोन्ही एकाच मागावर विणलेलं होतं, आणि ते कापड अंगाला लावण्यासारखं नव्हतं.

नववं नाव झालं. मागून बाक सरकल्याचा आवाज आला. एक बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग रांगच्या रांग. आठशेच्या आठशे बायका उभ्या, हात खाली, तोंडं बंद.

आमच्याकडे सभा उठून उभी राहते ती टाळ्यांसाठी. चिटणीस कौतुकाने मागे बघू लागले. कॉम्रेड स्मारांदा टाळ्यांची वाट बघत थांबली. नऊ फुलं टेबलावर, ती फुलांमागे, आणि सभागृहात इतकी शांतता की डॉक्टरच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. एक मिनिट गेलं असेल, जास्तच. तिचे ओठ हलले. मला वाटलं, ती काहीतरी बोलणार.

ती बोलली नाही. तिने स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, हात उंच धरून, भाषणानंतर वाजवतात तशा, ठेक्यात.

पहिल्या रांगेने लगेच साथ दिली. मी वाजवल्या. डॉक्टरनेही वाजवल्या, त्याने तर जोरात. मागे कुणाचा हात हलला नाही. वेतामावशी तिसऱ्या रांगेत होती. तिच्या दोन्ही हातांत पिशवी होती, आणि पिशवी खाली ठेवायला जमीन फार घाण होती.